हुंड्यातलं दुसरं गाव : टांजियर, दोन दिवस पायी

फोंड्याच्या हायस्कुलात मी 31 वर्षं इतिहास शिकवला. 1661च्या तहाचा धडा दर वर्षी यायचा. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि हुंड्यात मुंबई बेट दिलं, एवढं मुलं लिहून घ्यायची. त्याच हुंड्यात मुंबईच्या जोडीला आणखी एक गाव दिलं होतं, ते पुस्तकात नसायचं. मी ते तोंडी सांगायची आणि नकाशावर बोट ठेवायची : आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर, टांजियर. गेल्या फेब्रुवारीत त्या बोटाखालच्या जागेवर जाऊन आले. गोव्याहून जाणारे आता वाढलेत, म्हणून जे पाहिलं आणि ज्यावर पैसे वाया गेले, ते दोन्ही लिहिते.

आधी वाया गेलेलं. आम्ही स्पेन-पोर्तुगाल-मोरोक्को अशी ग्रुप टूर घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. वीसजण, त्यात म्हापशाची दोन कुटुंबं, डिचोलीचे एक डॉक्टर आणि आम्ही दोघं. कार्यक्रमपत्रिकेत टांजियरच्या पुढे छापलं होतं : ‘ऐतिहासिक स्थळदर्शन, अर्धा दिवस’. स्पेनच्या तारिफाहून बोटीने तासाभरात टांजियरच्या जुन्या बंदरात उतरलो. बोट जुन्या गावाच्या अगदी पायथ्याशी लागते, वर पाहिलं की तटबंदी आणि पांढरी घरं दिसतात. मी पर्स सावरून चालायला निघाले, तर आम्हाला थेट बसमध्ये बसवलं. बस गावाबाहेर 14-15 किलोमीटर गेली. स्पार्टेल भूशिराचा दीपस्तंभ, हर्क्युलिसची गुहा, मग जेवण. परत गावात आणलं तेव्हा चार वाजून गेले होते. ‘मदिना दर्शन’, म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं गाव दाखवणं, म्हणून जे झालं त्यात निम्म्याहून जास्त वेळ एका गालिच्याच्या दुकानात गेला. पुदिन्याचा चहा पाजला, गालिचे पसरले, उरलेला वेळ जडीबुटीवाल्याकडे. चौदाव्या शतकातला इथला जगप्रवासी इब्न बतूता, त्याची कबर कुठे आहे विचारलं तर टूर मॅनेजर म्हणाला, “मॅडम, ती लिस्टमध्ये नाही.” साडेपाचला बस फेज शहराकडे निघालीसुद्धा. ज्या गावासाठी मी वर्षभर पैसे साठवले, त्या गावाला त्या कंपनीने दीड तास दिला. पाचपैकी एक, आणि तो एक बसचालकासाठी, कारण त्या वळणावळणाच्या रस्त्यावर त्याने गाडी फार जपून चालवली.

आम्ही त्या बसमध्ये चढलो नाही. हे घरून ठरवून आलो होतो. आमच्या पुतण्याने मदिनेतल्या एका जुन्या घरात दोन रात्रींची खोली घेऊन ठेवली होती आणि सरकारी परवान्याचा गाइड ठरवला होता. मोरोक्कोत गाइडला परवाना लागतो, गळ्यात बिल्ला असतो. बिल्ला नसलेले बरेचजण बंदरावर मागे लागतात. दोन सकाळी मिळून आम्ही 700 दिरहम दिले. अकराएक दिरहमांचा एक युरो होतो. हा परीक्षणातला खरा भाग आहे : टांजियर पाहायचं तर असा माणूस घ्या आणि पायी फिरा.

गाइड पन्नाशीचा, त्याच गल्ल्यांत वाढलेला. इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच सगळं बोलायचा. गावाला तो टांजियर म्हणायचा नाही, ‘तंजा’ म्हणायचा. पहिलाच प्रश्न त्याने केला की काय पाहायला आलात. मी म्हटलं, पोर्तुगीज. तो हसला आणि म्हणाला, “ते सगळीकडे आहेत आणि कुठेच नाहीत.” दोन दिवसांत त्याचा अर्थ कळला.

1437मध्ये पोर्तुगीजांनी हे गाव घ्यायचा पहिला प्रयत्न केला तो पार फसला. राजपुत्र फर्नांदोला ओलीस ठेवून फौज परत गेली, आणि तो बिचारा 1443मध्ये फेजच्या कैदेतच गेला. 1471मध्ये शेजारचं असिला पडलं, तशी टांजियरची माणसं गाव सोडून निघून गेली आणि पोर्तुगीज न लढता आत शिरले. पुढची 190 वर्षं गाव त्यांच्याकडे राहिलं. गोवा त्यांनी घेतला 1510मध्ये. म्हणजे किल्ला कसा बांधायचा, परक्या गावात चर्च कुठे उभारायचं, हे सगळं त्यांनी आमच्याकडे येण्याआधी इथे करून पाहिलं होतं.

हे मला सगळ्यांत जास्त जाणवलं मोठ्या मशिदीपुढे. ही मशीद लहान चौकाच्या, म्हणजे पेती सोक्कोच्या, खालच्या अंगाला आहे. बिगर-मुसलमानांना आत प्रवेश नाही, दारातूनच पाहायचं. गाइड सांगत होता : इथे आधी मशीद होती, पोर्तुगीजांनी त्या जागी आपलं कॅथिड्रल केलं, इंग्रज गेल्यावर सुलतान मौलाय इस्माईलच्या काळात पुन्हा मशीद झाली. मी फोंडा महालातली आहे. पोर्तुगीजांच्या धाकाने आमचा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली. रात्री नदी ओलांडून देव कसे आणले ते माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. कुठ्ठाळीला, म्हणजे त्याच कुशस्थळीला, जुन्या जागेवरून जाताना आमचे लोक अजून हात जोडतात. टांजियरच्या त्या दारासमोर आमचे हे काही न बोलता उभे राहिले आणि त्यांनी चपला काढल्या. आत जायचं नव्हतं, तरी काढल्या.

कसबा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा बालेकिल्ला. चढ आहे, पायऱ्या आहेत, गुडघ्यांनी बेजार असाल तर निळसर रंगावर पिवळा पट्टा असलेली छोटी टॅक्सी वरपर्यंत नेते. सुलतानाचा जुना वाडा, दार अल-मखजन, आता संग्रहालय आहे. तिकीट काढून आत गेल्यावर मी वस्तूंपेक्षा वाडाच बघत बसले. मधोमध उघडं अंगण, चारी बाजूंना खांब, खोल्यांची दारं सगळी आत उघडणारी, रस्त्याकडे मात्र कोरी भिंत. आमच्या माहेरचं राजांगण असंच आहे. तुळशीवृंदावनाच्या जागी इथे कारंजं, इतकाच फरक म्हणा. भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत रंगीत फरशीचे तुकडे, त्याला ‘झेलिज’ म्हणतात. मी जवळ जाऊन पाहिलं. आपल्याकडे पणजीच्या फोंतेन्हासमध्ये दिसते तशी चित्र काढलेली अखंड फरशी ही नव्हे. एकेक रंग वेगळा भाजून, हातोडीने एकेक तुकडा छिलून, तारे आणि चौकट जुळवलेली. दोन तुकड्यांच्या मध्ये नख जात नव्हतं. पोर्तुगीज ज्याला ‘आझुलेझु’ म्हणतात तो शब्द याच अरबी ‘झुलैज’वरून आलेला. पणजीच्या घरांवरच्या निळ्या फरशीचं नाव इथून लिस्बनला आणि लिस्बनहून आपल्याकडे आलं.

कसब्यातच ‘बाब बहर’ नावाचा दरवाजा आहे, समुद्राचा दरवाजा. त्यातून बाहेर पडलात की एकदम खाली समुद्र आणि समोर स्पेन. सामुद्रधुनी जिथे सगळ्यांत चिंचोळी आहे तिथे 14 किलोमीटर. त्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला होता. तिथले लोक त्याला ‘शेर्गी’ म्हणतात, तो जोरात असला की बोटी बंद होतात. पदर सांभाळत मी त्या तटावर तासभर उभी होते, कारण गाइडने खाली बोट दाखवून म्हटलं, “तिथे इंग्रजांचा धक्का होता.”

हुंड्यात गाव मिळाल्यावर इंग्रजांनी इथे मोठं बंदर करायचं ठरवलं. समुद्रात दगडांचा लांबलचक धक्का टाकायला घेतला, वीसएक वर्षं काम चाललं, पैसा ओतला. वरच्या किल्ल्यातल्या एका वास्तूला राजाच्या भावाच्या पदवीवरून ‘यॉर्क कॅसल’ नाव पडलं, ते नाव आजही आहे. पण मौलाय इस्माईलच्या माणसांनी जमिनीकडून असं कोंडून धरलं की लंडनला ते परवडेना. 1683च्या शेवटी त्यांनी स्वतःच सुरुंग लावून आपला धक्का उडवायला घेतला, तटबंदी पाडली आणि 1684च्या फेब्रुवारीत गाव सोडलं.

आता फोंडेकरांनी नीट वाचा. 1683चे शेवटचे महिने म्हणजे पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजी महाराज स्वतः धावून आले आणि त्याला हटवलं, मग नोव्हेंबरात मराठ्यांनी जुव्याचा किल्ला घेतला, तेच हे महिने. इकडे जुनं गोवं हातचं जातं की काय या भीतीने पोर्तुगीजांची झोप उडालेली, आणि तिकडे त्यांनी आंदण दिलेल्या बंदराचे दगड इंग्रज समुद्रात लोटत होते. हुंड्यातल्या दोन गावांपैकी मुंबई राजाने 1668मध्ये वर्षाला 10 पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि ती केवढी झाली ते आपण जाणतोच. ज्यावर जीव टाकला ते टांजियर 23 वर्षांत सोडावं लागलं. इतकी वर्षं मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या तासांना शिकवल्या. त्या तटावर उभी राहीपर्यंत त्या एकाच हिवाळ्यातल्या आहेत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

अमेरिकन लिगेशन, म्हणजे जुनी वकिलात, बघाच, पण अर्धा तास पुरे. 1821मध्ये सुलतान मौलाय सुलेमानने अमेरिकेला दिलेलं हे घर. अमेरिकेच्या सरकारची परदेशातली ही पहिली मालमत्ता. गल्लीवर कमान टाकून दोन्ही बाजूंची घरं जोडली आहेत. 1839मध्ये इथल्या अमेरिकन वकिलाला (कॉन्सलला) सुलतानाकडून सिंहाची जोडी भेट आली आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्न पडला, ती गोष्ट तिथे वाचायला मिळते. सेंट अँड्र्यू चर्चही पाहण्यासारखं, बाहेरून मनोरा मशिदीच्या घाटाचा आणि आत कमानीवर ख्रिस्ती प्रार्थना अरबीत कोरलेली. सेरव्हांतेस नाट्यगृह आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. 1913चं, स्पॅनिश लोकांनी बांधलेलं, दर्शनी भागावर रंगीत फरशांत नाव. आमचे हे चाळीस वर्षं जत्रेच्या नाटकांत काम करतायत. बंद दारासमोर ते बराच वेळ रेंगाळले, फटीतून आत बघायचा प्रयत्न केला, आणि परत येताना फक्त रंगमंच केवढा असेल याच्याबद्दल बोलत राहिले.

मोठा चौक, ग्रान सोक्को, मात्र गाळू नका. त्याचं सरकारी नावच ‘9 एप्रिल 1947’ असं आहे. त्या दिवशी सुलतान पाचवा मोहम्मद इथे आला आणि शेजारच्या मेंदुबिया बागेत त्याने देशाच्या एकीचं आणि स्वातंत्र्याचं भाषण केलं. तेव्हा टांजियर एकट्या कुणाचं नव्हतं, 1923च्या करारापासून अनेक देश मिळून इथला कारभार चालवत. 1956मध्ये ते मोरोक्कोत परत आलं. त्या बागेत वडाच्या कुळातलं एक अजस्र झाड आहे, पारंब्या जमिनीत रुतलेल्या. त्याच्या सावलीत बसून मी गाइडला आमच्या मडगावची 18 जून 1946ची सभा सांगितली, लोहियांना बोलता बोलता कसं पकडलं ते सांगितलं. त्याने विचारलं, मग स्वातंत्र्य कधी? म्हटलं, 1961. “आमच्यानंतर!” म्हणून तो चकितच झाला.

चौकाच्या कडेला, चर्चच्या भिंतीलगत, रिफ डोंगरातल्या बायका माल घेऊन बसतात. गुरुवारी आणि रविवारी जास्त. कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड, डोक्याला गोंडे लावलेली गवती टोपी. समोर मुळे, पुदिना, अंडी, आणि चीजच्या ताज्या वड्या. ते चीज झावळीच्या पट्ट्या विणून त्यावर ठेवतात, म्हणून त्याच्या पाठीवर विणीची नक्षी उठते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चटईवर बसणाऱ्या आमच्या बायका आणि या, बसण्याची तऱ्हा तीच : एक पाय मुडपलेला, हात मालावर, नजर येणाऱ्याच्या पिशवीकडे. घेतलं थोडं. मऊ, आंबूस, मीठ जेमतेम. वजन झाल्यावर तिने वरून एक तुकडा जास्तीचा ठेवला.

शाकाहारी लोकांना भीती असते म्हणून सांगते, उपाशी राहणार नाही. सकाळी ‘बिसारा’ मिळतो, सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड. आणि टांजियरची खास वस्तू ‘कलिंते’. हरभऱ्याच्या पिठाचं दाट मिश्रण मोठ्या परातीत घालून भट्टीत भाजतात, वरचा थर तपकिरी होतो आणि आत थलथलीत राहतं. हातगाडीवाला सुरीने पट्टी कापतो, कागदावर ठेवतो, जिरं आणि तिखट भुरभुरवतो. काही दिरहमांत पोट भरतं. पहिला घास घेतल्यावर आमचे हे म्हणाले, “अगे, हे तर पिठलं!” थापलेलं, भाजलेलं पिठलं, हेच त्याचं बरोबर वर्णन. यात अंडं घालतात, न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.

काफे हाफा 1921पासून कड्यावर आहे. पांढऱ्या पायऱ्यापायऱ्यांची गच्ची, ग्लासात पुदिन्याची डहाळी घातलेला गोड चहा. चहापेक्षा मला त्याच्या अलीकडची जागा आवडली. उघड्या कातळात माणसाच्या मापाच्या चौकोनी खाचा कोरलेल्या आहेत, त्या फिनिशियन लोकांच्या कबरी. भिंत नाही, तिकीट नाही. खाचांत पावसाचं पाणी साचलेलं आणि कडेला कॉलेजची पोरं-पोरी समुद्राकडे तोंड करून बसलेली.

बसने दाखवलेल्या हर्क्युलिसच्या गुहेबद्दलही न्यायाने लिहायला हवं. समुद्राकडचं भोक आफ्रिकेच्या नकाशासारखं दिसतं, त्याचा फोटो सगळे काढतात. पण भिंतींकडे बघा. सगळीकडे गोल गोल खाचा आहेत, एकाला एक लागून. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तिथून जात्याची पेडं कापून काढली, ती ही जागा. काही पेडं अर्धवट कापून तशीच सोडलेली. मी हात फिरवला तर छिन्नीचे घाव बोटांना लागले. बसमधल्या कुणालाच हे कोणी सांगितलं नाही.

आणि इब्न बतूता. तो 1304मध्ये या गावात जन्मला, 21व्या वर्षी हजला म्हणून निघाला आणि जग फिरला. 1340च्या दशकात तो होनावरच्या सुलतान जमालुद्दीनच्या आरमाराबरोबर आपल्याकडे आला, 52 गलबतांचं आरमार. त्याच्या प्रवासवृत्तात गोव्याचं नाव ‘सांदाबूर’ येतं, चंद्रपूरवरून, म्हणजे आपल्या चांदरवरून आलेलं. तो लिहितो की हे बेट आहे, त्यात 36 गावं आहेत, आणि भोवतीच्या खाडीचं पाणी ओहोटीला गोड आणि भरतीला खारं असतं. तिसवाडीच्या माणसाला यापुढे काय सांगायचं? मांडवीच्या काठी राहणारी बाई आजही हेच सांगेल.

त्याची मानली जाणारी कबर मदिनेत अगदी वर, अरुंद गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. ती त्याचीच का, यावर जाणकारांत मतभेद आहेत, हे गाइडने आधीच सांगितलं आणि ते मला आवडलं. पहिल्या दिवशी कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर पुन्हा गेलो तर म्हातारे राखणदार दारात बसले होते. खोली आमच्या देवघराएवढी, आत कापड घातलेलं थडगं. गाइडने त्यांना अरबीत सांगितलं की ही बाई सांदाबूरची. त्यांना ते नाव कळलं नाही. मग मीच हिंद, हिंद म्हणत हाताने समुद्र दाखवला, आणि खारं-गोड पाणी गाइडकडून सांगायला लावलं. त्यांनी मान डोलावली, कमरेची किल्ली काढून बाजूला ठेवली आणि आम्हाला उंबऱ्यापाशी बसायला जागा करून दिली. सोबत नेलेली काजूची पुडी मी त्यांना दिली. त्यांनी त्यातले दोन काजू स्वतः खाल्ले आणि बाकीचे गल्लीतल्या पोरांना वाटले.

गाइडच्या पायी फेरीला पाचपैकी पाच. व्हिसाचं एक मात्र सांभाळा : शेंजेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर टांजियरला गेल्यावर स्पेनमध्ये परत येता येत नाही, म्हणून परतीचं विमान कासाब्लांकाहूनच घ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेगवान रेल्वेने सव्वादोन तासांत कासाब्लांका गाठलं आणि संध्याकाळी ग्रुपला भेटलो. म्हापशाच्या वहिनींनी विचारलं, काय घेतलं? मी कलिंतेची कागदात बांधलेली पट्टी काढली. गार झाली होती, तरी सगळ्यांनी वाटून खाल्ली.